टाकीचे घाव आणि फुटलेले दगड

चार वर्षांपूर्वी पुतण्याकडे दीड महिना राहण्याचा योग आला. तो टेक्सासमधल्या कॉलेज स्टेशन या गावी, टेक्सास ए अँड एम विद्यापीठात पीएच.डी. करत होता. सप्टेंबरचा महिना होता. शनिवार उजाडला की गावातले रस्ते गडद लाल रंगाने भरून जात आणि एक लाखाहून अधिक माणसे मावतील असे काइल फील्ड हे मैदान दुपारपर्यंत ओसंडून वाहू लागे. कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला एवढी गर्दी जमते, याचे मला नवल वाटले. पुतण्याचे घरमालक म्हणजे सत्तरी ओलांडलेले, याच विद्यापीठातून शिकलेले गृहस्थ. त्यांनी माझे नवल ओळखले आणि एक पुस्तक हातात ठेवले. हे गाव समजून घ्यायचे तर आधी हे वाचा, असे त्यांचे म्हणणे.

ते पुस्तक होते जिम डेंट यांचे 'द जंक्शन बॉइज', १९९९ साली प्रसिद्ध झालेले. बेअर ब्रायंट या नव्या प्रशिक्षकाबरोबर नरकात काढलेल्या दहा दिवसांतून विजेता संघ कसा घडला, अशा अर्थाचे त्याचे उपशीर्षक आहे. पुस्तक मी दोन रात्रींत संपवले आणि मनापासून आवडून घेतले. आपल्याकडे एक म्हण आहे, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. त्या म्हणीचा टेक्सासी अवतारच वाचतो आहे, असे वाटले. परत आल्यावर आमच्या कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मी एक लेख लिहिला. त्यात आमच्या खो-खोच्या शिबिराची हकिकत सांगितली आणि तिला जंक्शनच्या पोरांचा दाखला जोडला. लेखाचे कौतुकही झाले.

तो लेख चुकीचा होता, हे कळायला मला दोन वर्षे लागली. आजचा हा निबंध म्हणजे त्या चुकीचा शोध आहे. एका पराभूत हंगामाची विजयगाथा कशी झाली आणि ती होताना गोष्टीतून कोण गळाले, हे मला तपासायचे आहे.

खेळ आणि माणूस

आपल्या वाचकांपैकी अनेकांना हा खेळ अपरिचित असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये अकरा-अकरा खेळाडू असतात. चेंडू लांबट असतो आणि तो मुख्यतः हातात धरून पळवतात किंवा फेकतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाहीतर चेंडू समोरच्याच्या ताब्यात जायचा. समोरचा अडवायला अंगावर येतो, त्यामुळे प्रत्येक डाव ही एक छोटी कुस्तीच असते. आज चढाईचा आणि बचावाचा संघ वेगवेगळा असतो. पण १९५३ साली नियम बदलले होते आणि पुढची काही वर्षे बदली खेळाडूंवर कडक मर्यादा होत्या. त्याच अकरा जणांना चढाई आणि बचाव दोन्ही करावे लागे. साहजिकच दमसासाला मोठे महत्त्व होते. ब्रायंटची बाजू समजून घ्यायची तर ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

पॉल विल्यम ब्रायंट हा १९१३ साली अर्कान्सामधल्या एका गरीब शेतकरी घरात जन्मलेला माणूस. पोरवयात जत्रेत आलेल्या अस्वलाशी कुस्ती धरली म्हणून 'बेअर' हे नाव चिकटले ते कायमचे. अलाबामा विद्यापीठाकडून खेळताना १९३५ साली त्याने पायाचे हाड मोडलेले असताना सामना खेळला, ही कथा त्याच्या प्रत्येक चरित्रात येते. वेदना सहन करणे हीच माणसाची परीक्षा, हे त्याने कुणाकडून ऐकलेले नव्हते. त्याने ते स्वतःच्या अंगावर करून पाहिले होते. असा माणूस गुरू झाला की शिष्याची पंचाईत होते, कारण गुरूला आपले अपवादात्मक शरीर हाच नियम वाटू लागतो.

१९५४च्या सुरुवातीला केंटकी विद्यापीठ सोडून ब्रायंट ए अँड एमला आला. तेव्हा हे फक्त पुरुषांचे, लष्करी शिस्तीचे कॉलेज होते. आदल्या हंगामात, म्हणजे १९५३ साली, संघाने चार सामने जिंकले, पाच गमावले आणि एक बरोबरीत सोडवला होता. संघ सामान्य होता, पण अगदीच मोडकळीला आलेला नव्हता. पुढच्या सगळ्या कथनांत मात्र तो ढिसाळ, लाडावलेल्या पोरांचा संघ म्हणून येतो. तारणहाराच्या गोष्टीला आधीचा अंधार लागतोच.

दहा दिवस

१ सप्टेंबर १९५४ रोजी ब्रायंटने दोन बस भरून खेळाडू जंक्शन या छोट्या गावी नेले. हे गाव कॉलेजपासून सुमारे चारशे किलोमीटरवर, लानो नदीच्या काठच्या डोंगराळ मुलुखात आहे. विद्यापीठाची तिथे एक शाखा होती आणि राहायला अर्धगोल पत्र्याच्या बराकी होत्या. टेक्सासमध्ये तेव्हा वर्षानुवर्षांचा दुष्काळ चालू होता. तो १९५७पर्यंत टिकला. मैदान म्हणून जी जागा मिळाली तिथे गवत नव्हते, दगडगोटे आणि काटे होते. पारा ३८ अंश सेल्सिअसच्या वर जाई. सराव उजाडण्यापूर्वी सुरू होई, रात्री उशिरापर्यंत बैठका चालत. आणि सरावाच्या वेळी पाणी नसे.

मुले जाऊ लागली. काही सांगून गेली, बरीचशी रात्री गुपचूप सामान उचलून, मिळेल त्या वाहनाने गेली. संघातला एक नावाजलेला खेळाडू सराव सोडून निघाला. त्याला परत घ्या, अशी गळ सहकाऱ्यांनी घातली, तेव्हा ब्रायंटने नकार दिला. एक जण मैदानावर उष्माघाताने कोसळला आणि मरता मरता वाचला.

किती गेले आणि किती परतले? गेलेले शंभराच्या आसपास होते, असे बहुतेक जण म्हणतात. परतलेल्यांचा आकडा कुणी पस्तीस सांगतो, कुणी तीसच्याही खाली आणतो. दोन बस गेल्या आणि एकच परत आली, हे वाक्य जीन स्टॉलिंग्ज या खेळाडूने पुढे आयुष्यभर विनोदाने सांगितले. विनोद चांगला आहे, म्हणून तो टिकला. पण मला इथे पहिली शंका आली. टिकलेल्यांची नावे घडाघडा सांगता येतात, गेलेल्यांची संख्यासुद्धा नक्की सांगता येत नाही. ज्या घटनेतले दोन तृतीयांश लोक मोजलेच गेले नाहीत, तिच्यावरून धडा काढायचा तर तो कुणाचा धडा?

हंगाम

मूळ हंगामाचे निकाल मी पुस्तक मिटल्यानंतर दुसऱ्यांदा, वही घेऊन पाहिले. जंक्शनहून परतल्यावर आठवडाभरात पहिला सामना टेक्सास टेकशी झाला. ए अँड एम ४१-९ असा हरला. त्यानंतर एकच विजय, जॉर्जियाविरुद्ध ६-० असा. बाकी सगळे पराभव. दहा सामन्यांत एक विजय आणि नऊ पराभव. आपल्या गटातले सहाच्या सहा सामने हरले. ब्रायंटने मेरिलंड, केंटकी, ए अँड एम आणि अलाबामा मिळून ३८ हंगाम मुख्य प्रशिक्षकाचे काम केले. त्यांत जिंकण्यापेक्षा हरणे जास्त, असा हा एकमेव हंगाम.

समर्थक म्हणतात, आकडे नीट बघा. ह्यूस्टनकडून १०-७, टीसीयूकडून २१-२०, एसएमयूकडून ६-३. एवढ्या थोड्या पोरांनी एवढी झुंज दिली, हाच जंक्शनचा परिणाम. मला हा युक्तिवाद पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. कारण याच आकड्यांवरून उलटेही म्हणता येते. तीन-चार गुणांनी हरलेल्या सामन्यात शेवटच्या पावपटीत दोन ताजे बदली खेळाडू मैदानात उतरवता आले असते, तर निकाल फिरला असता. ते खेळाडू होते. ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री रस्त्याच्या कडेला वाहनांना हात करत उभे होते.

तीन कथने

जंक्शनबद्दलची तीन प्रमुख कथने मी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. पहिले १९७४चे ब्रायंटचे आत्मचरित्र, जॉन अंडरवुड यांच्या साहाय्याने लिहिलेले. दुसरे डेंट यांचे पुस्तक. तिसरे ईएसपीएन वाहिनीने २००२ साली केलेला, टॉम बेरेंजर यांनी ब्रायंटची भूमिका केलेला त्याच नावाचा चित्रपट. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

आत्मचरित्रातला ब्रायंट साठीला टेकलेला, कीर्तीच्या शिखरावरचा माणूस आहे. त्याला बढाई मारायची मुभा होती. तरी जंक्शनपाशी तो अडखळतो. आपण केले ते बरोबर की चूक हे सांगता येत नाही, तेव्हा जेवढे कळत होते त्यानुसार केले, आज तसे करणार नाही, अशा आशयाचे तो बोलतो. खेळाडूंना विश्रांती आणि पाणी देण्याबद्दल आता आपल्याला जास्त कळते, हेही कबूल करतो. आपण त्या पोरांच्या जागी असतो तर कदाचित आपणही निघून गेलो असतो, इथपर्यंत तो येतो. मला हे तिन्हींतले सर्वांत प्रामाणिक कथन वाटते. कर्त्याच्या मनातच निकाल अजून लागलेला नाही.

पंचवीस वर्षांनी आलेल्या डेंट यांच्या पुस्तकात ही शंका विरली आहे. पुस्तक वाचनीय आहे हे मान्य करायलाच हवे. ऊन, धूळ, बराकीतला घामट वास हे सगळे ते नजरेपुढे उभे करते. क्रौर्यही झाकत नाही. उष्माघाताची हकिकत वाचताना घशाला कोरड पडते. पण त्यांची पद्धत कादंबरीकाराची आहे. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे संवाद अवतरणचिन्हांत येतात. ते ज्यांच्या आठवणीतून आले ते बहुतेक टिकलेले खेळाडू, आणि पुढे मोठे झालेले. जॅक पार्डी व्यावसायिक खेळाडू आणि प्रशिक्षक झाले. स्टॉलिंग्ज यांनी ए अँड एमचे प्रशिक्षकपद सांभाळले, पुढे १९९२ साली अलाबामाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. साठीतला यशस्वी माणूस आपल्या विशीतल्या यातनांकडे बघतो, तेव्हा त्याला त्या यातनांचे कारण हवे असते. 'ते सगळे फुकट गेले' असे कोण म्हणेल? ही माणसे खोटे बोलत नाहीत. फक्त त्यांची साक्ष ही पार झालेल्याची साक्ष आहे. नदी उतरण्याजोगी आहे की नाही, हे पार झालेल्यालाच विचारून भागत नाही.

गंमत अशी की डेंट यांच्या पानांतला पुरावा त्यांच्याच उपशीर्षकाला आव्हान देतो. आत क्रौर्य आणि पराभव आहे, वेष्टनावर विजय आहे. एक चांगला लेखक आपल्या सामग्रीपेक्षा आपल्या शीर्षकाला जास्त निष्ठावान राहिला, ही माझी या पुस्तकाबद्दलची मुख्य तक्रार.

चित्रपटाबद्दल फार बोलण्यासारखे नाही. टेक्सासचा दुष्काळ त्यांनी ऑस्ट्रेलियात जाऊन चित्रित केला, त्याबद्दलही माझी तक्रार नाही. त्यात कथेला १९७९च्या पुनर्भेटीची चौकट आहे. पंचवीस वर्षांनी जंक्शनला जमलेले प्रौढ खेळाडू आणि म्हातारा ब्रायंट समोरासमोर येतात. अशी भेट खरोखरच झाली होती. खेळाडूंनी ब्रायंटला अंगठी दिली. १९८३ साली तो गेला तेव्हा त्याच्या बोटात तीच अंगठी होती, असे सांगतात. प्रसंग हृद्य आहे. पण चौकट म्हणून तो वापरला की सगळा निवाडा आधीच होऊन जातो. जे पुनर्भेटीला येतात, त्यांनी क्षमा केलेली असते. जे येत नाहीत, ते चौकटीबाहेर.

म्हणजे १९७४ साली कर्त्याला शंका होती, १९९९ साली लेखकाला खात्री झाली आणि २००२ साली प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आले. घटना जसजशी मागे पडत गेली, तसतसा तिचा अर्थ पक्का होत गेला. इतिहासात सहसा याच्या उलट व्हायला हवे.

१९५६चे श्रेय

आता या गाथेच्या खांबाकडे वळू. १९५६ साली ए अँड एमने नऊ सामने जिंकले, एक बरोबरीत सोडवला, एकही गमावला नाही. गटाचे विजेतेपद मिळाले. टेक्सास विद्यापीठाला त्यांच्याच मैदानावर ३४-२१ असे हरवले. जंक्शनमध्ये पेरले ते इथे उगवले, असे सांगितले जाते.

पण १९५६च्या संघात जंक्शनला गेलेले खेळाडू मूठभरच होते. त्या काळच्या नियमानुसार कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळता येत नसे. त्यामुळे १९५४ साली पहिल्या वर्षाला आलेली मुले जंक्शनला गेलीच नव्हती. या मुलांतच जॉन डेव्हिड क्रो होता. त्याने पुढे १९५७ सालचा हाइझमन पुरस्कार मिळवला, आणि ब्रायंटच्या साऱ्या कारकिर्दीत हा पुरस्कार मिळवणारा तो एकमेव खेळाडू. चार्ली क्रूगरही त्याच तुकडीतला. पार्डी आणि स्टॉलिंग्ज यांचा वाटा कमी लेखायचे कारण नाही. पण अजिंक्य संघाची मोठी ताकद नव्या भरतीतून आली होती, दगडगोट्यांच्या मैदानातून नाही.

त्या भरतीचीही एक गोष्ट आहे. खेळाडू मिळवताना नियम मोडल्याबद्दल ए अँड एमवर कारवाई झाली. म्हणूनच विजेते असूनही १९५६च्या संघाला हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात खेळता आले नाही. एका बाजूला तपश्चर्येची कथा आहे, दुसऱ्या बाजूला भरतीतल्या गैरव्यवहाराची. विजेता संघ दोन्हींच्या नंतर आला. आपण कारण म्हणून कोणती निवडली? जी सांगायला उदात्त वाटते ती.

याचा अर्थ ब्रायंट सुमार प्रशिक्षक होता, असा मुळीच नाही. ३२३ विजय आणि अलाबामाला मिळवून दिलेली सहा राष्ट्रीय विजेतेपदे नुसत्या दंतकथेने मिळत नाहीत. माझे म्हणणे एवढेच की तो जंक्शनमुळे मोठा झाला, याला पुरावा नाही. जंक्शन असूनही तो मोठा झाला, असे म्हणायला मात्र जागा आहे. कारण पुढे त्याने स्वतःच ती पद्धत सोडल्याचे सांगितले.

पाण्याचे शास्त्र

'तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते' हा जंक्शनच्या बाजूचा नेहमीचा बचाव. श्रम करताना पाणी प्यायल्याने पोटात गोळे येतात, माणूस मऊ पडतो, असे त्या काळी बहुतेक प्रशिक्षक मानत. हे खरे आहे. पण ठाऊक नव्हते हे खरे नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला वाळवंटात लढायचे होते, तेव्हा रॉचेस्टर विद्यापीठातले ई. एफ. अडॉल्फ आणि त्यांचे सहकारी यांनी उन्हात चालणाऱ्या, पाणी मिळालेल्या आणि न मिळालेल्या माणसांचा अभ्यास केला. तो १९४७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पाण्यावाचून राहण्याची सवय शरीराला लावता येत नाही; पाणी मिळालेला सैनिक जास्त चालतो, न मिळालेला कोसळतो, हे त्यातून स्पष्ट झाले होते. जंक्शनच्या सात वर्षे आधी. १९५०च्या दशकात सैनिकी प्रशिक्षण केंद्रांत उष्माघाताचे बळी जाऊ लागले, तेव्हा लष्कराने तापमान, दमटपणा आणि ऊन यांचा एकत्रित निर्देशांक तयार करवून घेतला आणि त्यानुसार कवायत थांबवण्याचे नियम आखले. म्हणजे ज्या लष्करी कणखरपणाचा आदर्श ब्रायंटसारखे प्रशिक्षक सांगत, ते लष्कर पाण्याच्या बाबतीत त्यांच्या पुढे गेले होते.

ज्ञान होते, ते मैदानापर्यंत पोचले नव्हते. आणि पोचू न देण्यात या कथांचाही वाटा असतो. पाणी न देता विजेते घडतात अशी गोष्ट जिथे मनामनांत रुजलेली असते, तिथे शरीरशास्त्राचे पुस्तक कपाटातच राहते.

मेरिलंड

ही सगळी जुनी गोष्ट, आता काय तिचे, असे कुणी म्हणेल. २९ मे २०१८ रोजी मेरिलंड विद्यापीठात सरावाच्या धावा पळताना जॉर्डन मॅकनेअर हा एकोणीस वर्षांचा खेळाडू उष्माघाताने कोसळला. १३ जूनला तो गेला. असा रुग्ण तातडीने बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड करायचा असतो, तसे केले गेले नाही, हे स्वतंत्र चौकशीत पुढे आले. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी स्वीकारली. त्या ऑगस्टमध्ये संघातल्या धाकदपटशाच्या वातावरणावर शोधवृत्त आले, चौकशी समित्या बसल्या. खेळाडूंना बोलायची भीती वाटत होती, असा निष्कर्ष निघाला. मुख्य प्रशिक्षकाला ३१ ऑक्टोबरला काढून टाकण्यात आले.

ते शोधवृत्त प्रसिद्ध केले होते ईएसपीएनने. सोळा वर्षांपूर्वी जंक्शनचा चित्रपट काढणाऱ्या त्याच संस्थेने. आणि ज्या विद्यापीठात हे घडले, तिथेच १९४५ साली ब्रायंटने मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिली नोकरी केली होती. या योगायोगांतून कार्यकारणभाव काढायचा नाही. तसे केले तर मीही डेंट यांच्यासारखेच केल्यासारखे होईल. पण जंक्शनमध्ये कोसळलेला मुलगा वाचला, म्हणून ती हकिकत गौरवकथेत बसू शकली, हे मात्र या दोन घटना शेजारी ठेवल्यावर लख्ख दिसते. तो गेला असता तर १९९९चे पुस्तक वेगळे झाले असते. एका मुलाची नाडी चालू राहिली, एवढ्यावर त्या गाथेचे सगळे देवपण उभे आहे.

माठ

आता माझ्या लेखाबद्दल.

मराठवाड्यातल्या एका कॉलेजात मी शिकलो. खो-खोच्या संघात होतो. विद्यापीठाच्या स्पर्धेआधी नव्या क्रीडाशिक्षकांनी मे महिन्यात पंधरा दिवसांचे शिबिर घेतले. मैदानाच्या कडेला लिंबाखाली माठ होता. सर सराव सुरू होण्यापूर्वी माठावर झाकण घालत आणि झाकणावर एक दगड ठेवत. सराव संपल्याशिवाय दगड हलायचा नाही. बावीस जणांनी सुरुवात केली, तेरा उरलो. स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत हरलो. पण पुढची चाळीस वर्षे जिथे भेटू तिथे माठावरच्या दगडाची गोष्ट निघते, आम्ही हसतो, आणि सरांनी आपल्याला घडवले असे प्रत्येक जण म्हणतो. स्मरणिकेत मी हेच लिहिले होते. सहाव्या दिवशी न सांगता निघून गेलेल्या एका मित्राचा उल्लेख मी 'पळपुटा' असा केला होता. नाव न घेता, गमतीने. तेव्हा आम्ही त्याला तेच म्हणायचो.

दोन वर्षांनी त्याच्या हाती ती स्मरणिका पडली. त्याने माझा नंबर मिळवून फोन केला. आवाजात राग नव्हता. म्हणाला, "छान लिहिलंयस. फक्त एक सांगतो. मी पळालो नव्हतो रे. त्या दिवशी संध्याकाळी लघवी काळ्या चहासारखी झाली. रात्री वडील बैलगाडीतून तालुक्याला घेऊन गेले. पाच दिवस सलाइनवर होतो. डॉक्टर म्हणाले, एक दिवस उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती."

मी विचारले, "मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगणार? सर वाईट नव्हते. पण बघायला कुणी आलं नाही. आणि परत आलो तर तुम्ही सगळे हसलात."

त्यानंतर मी डेंट यांचे पुस्तक पुन्हा उघडले आणि या वेळी रात्री निघून गेलेल्या मुलांकडे लक्ष ठेवून वाचले. मग वही घेऊन निकाल लिहून काढले. बाकीचे वाचन त्यातून आले.

टाकीच्या घावांची म्हण देवळात दर्शनाला गेलेल्याने केली असावी, पाथरवटाने नाही. पाथरवट आधी दगड ठोकून त्याचा नाद ऐकतो. कोणता घाव सोसेल, कोणता तडकेल हे पाहतो, मगच टाकी लावतो. तरीही फुटतो तो दगड त्याच्या हिशेबात असतो. दर्शनाला आलेल्याला तो दिसत नाही. समीक्षकाचे काम दर्शन घेण्याचे नाही, असे मी इतकी वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो. स्वतःच्या कॉलेजबद्दल लिहिताना मात्र हात जोडून मोकळा झालो.

स्मरणिका छापून, वाटून झाली आहे; ती परत घेता येत नाही. त्या शिबिरातून नऊ जण गेले होते. त्यांतल्या चौघांशी आतापर्यंत बोलणे झाले आहे. उरलेल्या पाचांचा पत्ता शोधतो आहे.